तरुण पेशंटला घरी पाठवताना: स्ट्रोक युनिटमधल्या डॉक्टर आणि परिचारिकांना खुलं पत्र

प्रति,
न्यूरोलॉजिस्ट, निवासी डॉक्टर, परिचारिका आणि थेरपिस्ट मंडळी,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही चालवता तशाच एका वॉर्डातून मी बाहेर आले आहे. मानेतून मेंदूला रक्त नेणारी उजवी व्हर्टिब्रल आर्टरी फाटली, तिथे गुठळी झाली आणि ब्रेनस्टेमच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी मज्जारज्जूला जोडणाऱ्या भागाच्या, एका कडेचा रक्तपुरवठा तुटला. म्हणजे स्ट्रोक, मेंदूचा झटका. वय तिशीच्या आसपास. ब्लडप्रेशर नाही, शुगर नाही, सिगारेट नाही. ज्यांनी माझं निदान केलं त्यांचे उपकार मी विसरणार नाही. साधा सीटी स्कॅन नॉर्मल आल्यावर तिथेच न थांबता त्यांनी मानेच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी करायला लावली, म्हणून मी आज हे लिहू शकते.

पण हे पत्र आभाराचं नाही, मागणीचं आहे. डिस्चार्जच्या दिवशी हातात फाइल आली, गोळ्यांची यादी आली आणि तीन महिन्यांनी एमआरआय करून दाखवायला या, असा शेरा आला. मधल्या तीन महिन्यांत शरीरात आणि मनात काय काय होईल, त्यातलं काय चालतं आणि काय चालत नाही, याबद्दल त्या फाइलमध्ये एक ओळ नव्हती. नंतर याच आजाराच्या इतर तरुण पेशंटांशी बोलले, तर त्यांच्याही फायली तशाच. आमचं बरं होणं तुमच्या वॉर्डात फार थोडं होतं. त्याचा मोठा भाग घरी होतो आणि त्या भागासाठी आम्हाला कुणी तयार करत नाही. घरी सोडण्याआधी अर्धा तास बसून बोला आणि ते बोलणं कागदावर द्या, एवढं मागायला मी हे लिहिते आहे.

तुम्हाला हा आजार ठाऊक आहे, पण पत्र खुलं आहे, म्हणून इतरांसाठी थोडं सांगते. मेंदूला रक्त नेणाऱ्या चार मोठ्या रोहिण्या मानेतून वर जातात. पुढच्या दोन कॅरोटिड आणि मागच्या, मणक्यांच्या छिद्रांतून जाणाऱ्या, दोन व्हर्टिब्रल. रोहिणीच्या भिंतीला तीन थर असतात. कोटाचं अस्तर एका जागी उसवावं आणि आत पोकळी व्हावी तसं होतं. आतला थर चिरतो, रक्त थरांच्या मध्ये शिरतं, भिंत फुगते आणि वाट अरुंद होते. यालाच डिसेक्शन म्हणतात. त्या खरखरीत जागी गुठळी धरते आणि सुटली तर मेंदूत जाते. कधी जोराचा खोकला, उलट्या, जड वजन उचलणं किंवा मानेला बसलेला हिसका हे निमित्त होतं. कधी नुकतंच एखादं इन्फेक्शन होऊन गेलेलं असतं. काहींच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीच मुळात नाजूक असतात. अनेकांच्या बाबतीत मात्र ठोस कारण सापडतच नाही.

सगळे इस्केमिक स्ट्रोक, म्हणजे रक्तपुरवठा तुटून होणारे झटके, धरले तर यातून होणारे जेमतेम दोन टक्के. पण पन्नाशीच्या आतले पेशंट घेतले तर हा आकडा १० ते २५ टक्क्यांपर्यंत जातो. न्यूरोलॉजिस्ट मिलर फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली अँजिओग्राफीच्या आधारे या आजाराचं चित्र नीट मांडलं. त्याआधी तो बहुतेक वेळा शवविच्छेदनातच कळायचा. म्हणजे डिसेक्शन होऊन जगलेली आणि पुढे पन्नास-साठ वर्षं जगायची असलेली माणसं ही वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनेही तशी नवीनच आहेत. कदाचित म्हणूनच आमच्या घरच्या दिवसांबद्दल कुणी फारसं लिहून ठेवलेलं नाही.

आता मोजमापाबद्दल. दाखल होताना तुम्ही एनआयएच स्ट्रोक स्केलवर, म्हणजे झटका किती मोठा हे मोजणाऱ्या मोजपट्टीवर, माझे गुण काढले. त्या स्केलमध्ये चालताना तोल जातो का, हे पाहत नाहीत. गिळता येतं का, हेही नाही. ब्रेनस्टेमच्या स्ट्रोकमध्ये बिघडतं ते नेमकं हेच. त्यामुळे भिंत धरल्याशिवाय बाथरूमपर्यंत जाता न येणाऱ्या माणसाचे गुण अगदी कमी येऊ शकतात आणि फाइलवर ‘मायनर’ असं लागतं. पुढे तपासणीला गेल्यावर रँकिन स्केल येतं, रोजच्या आयुष्यात किती अडतं ते मोजणारं. त्यात ० म्हणजे काहीही त्रास नाही आणि ६ म्हणजे मृत्यू. माझा आकडा १: लक्षणं आहेत, पण रोजची सगळी कामं करता येतात. संशोधनात या १ ला उत्तम निकाल म्हणतात. ज्या आजारात माणूस जिवानिशी जाऊ शकतो तिथे हे बरोबरच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या १ मध्ये काय काय मावतं, हे तुम्हाला एकदा जवळून दाखवायचं आहे.

घरी आल्यावर पहिल्यांदा आंघोळीला बसले. उजव्या हाताने पाणी पाहिलं, कोमट होतं. अंगावर घेतलं तर उजव्या अंगाला ऊब लागली आणि डाव्या अंगाला नुसता ओलेपणा. पाणी पडतंय हे कळत होतं, गरम की गार ते कळत नव्हतं. चेहऱ्यावर बरोबर उलटं: डावा गाल ठीक, उजवा बधिर. माझ्या शरीराची अशी तिरपी वाटणी का झाली हे समजेना आणि नवीन झटका आला, असं वाटून मी थरथरायला लागले. तुमच्यासाठी हे पाठ्यपुस्तकातलं पान आहे. वालेनबर्ग या जर्मन डॉक्टरने १८९५ मध्ये याचं वर्णन करून ठेवलंय. वॉर्डातही टाचणी टोचून तुम्ही हे तपासलं होतं आणि विद्यार्थ्यांना दाखवलंही होतं. पण त्या तपासणीचा घरच्या आयुष्यातला अर्थ कुणी सांगितला नाही. गरम पाणी, इस्त्री, शेगडी यांच्याशी डाव्या हाताने खेळू नका, पाण्याचा अंदाज नेहमी उजव्या हाताने घ्या, भाजलं तरी कळणार नाही म्हणून रोज त्वचा नीट बघा. चार वाक्यं होती. परिचारिकेने वही उघडून सांगितली असती तरी पुरलं असतं.

गिळण्याचंही तसंच. दवाखान्यात नळी निघाली, पाणी पिता आलं आणि ‘ओरल डाएट सुरू’ असा शेरा पडला. घरी मात्र घोट घेताना हनुवटी खाली झुकवायची, एका वेळी छोटाच घोट घ्यायचा, खाताना बोलायचं नाही, असं सगळं शिकावं लागलं. सोबत बसून जेवणाऱ्यांना माझ्या ठसक्याची इतकी धास्ती बसली की ते घास हातात धरून माझ्याकडे बघत राहायचे. आवाज घोगरा होता. उचकी लागली की तासन्‌तास थांबायची नाही. ही उचकी याच आजाराचा भाग आहे आणि तिच्यावर औषध असतं, हे फार उशिरा कळलं. गिळण्याची आणि आवाजाची थेरपी घरी गेल्यावरही सुरू राहायला हवी. तोंडाने खाता येऊ लागलं म्हणजे ती संपली, असं समजू नका.

मग थकवा. दमणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. हा प्रकार वेगळा आहे. सकाळी चांगली झोप काढून उठावं, अर्धा तास फोनवर बोलावं आणि त्यानंतर डोळे उघडे ठेवणंही कठीण व्हावं. गर्दी, एकाच वेळी बोलणारी दोन माणसं, झगमगता उजेड, हलणारा स्क्रीन, या सगळ्यांनी मेंदू जणू बंद पडतो. स्ट्रोकनंतर जवळपास निम्म्या लोकांना असा थकवा येतो आणि झटक्याचा आकार लहान होता म्हणून तो कमी असेल, असं काही नसतं. हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं तर घरच्यांनी मला ‘जरा बाहेर पड, बरं वाटेल’ असं म्हणून रोज बळेच उठवलं नसतं. त्यांच्या मनात काळजीच होती, पण थकवा येण्याआधी थांबायचं, दिवसाची कामं तुकड्यांत वाटायची, मधे पडून राहायचं, हे तेव्हा घरात कुणालाच माहीत नव्हतं.

या सगळ्याहून जड गेली ती भीती. मला सगळ्यात जास्त लिहायचंय ते हिच्याबद्दल.

माझ्या आजाराची सुरुवात मानदुखीने झाली. मान कुणाची दुखत नाही? उशी बदलली, काम जास्त झालं, प्रवास झाला की दुखतेच. माझ्यासाठी मात्र आता प्रत्येक चमक म्हणजे धोक्याची घंटा. रात्री कूस बदलताना मानेत कट्‌ झालं की उठून आरशासमोर जायचं. हसून बघायचं, दोन्ही हात वर करायचे, दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का ते पाहायचं. फाटलेली रोहिणी भरून येतानाही काही आठवडे दुखू शकते, डोकंही ठणकतं. मग हे दुखणं भरून येण्याचं आहे की नव्याने फाटण्याचं, ते मी कसं ओळखायचं? तुमच्याकडे याचं पूर्ण उत्तर नसेलही. पण जेवढं आहे तेवढं तरी द्या. आधी कधीच न दुखलेल्या जागी अचानक उठलेली जोराची कळ, पापणी खाली येणं आणि त्याच बाजूची बाहुली लहान होणं, कानात नाडीच्या ठोक्याबरोबर घूं घूं ऐकू येणं, दुहेरी दिसणं, बोलणं जड होणं, एका बाजूला झोक जाणं, शरीराच्या एका बाजूची ताकद जाणं. यातलं काही झालं तर वाट न बघता इमर्जन्सीत या. नेहमीच्या जागचं, नेहमीसारखं, विश्रांतीने उतरणारं दुखणं असेल तर या नंबरवर फोन करा. एवढं लिहिलेला कागद उशाशी असता तर कितीतरी रात्री झोप लागली असती.

धोका कधी जास्त असतो, तेही आकड्यांची भीती न बाळगता सांगा. पुन्हा झटका येण्याची शक्यता पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असते आणि मग भराभर उतरत जाते. पुन्हा डिसेक्शन होणाऱ्यांचं प्रमाण कमी आहे आणि त्यातलीही बरीचशी पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच होतात. ही दिलासा देणारी माहिती आहे. ती माझ्यापर्यंत पोचली तेव्हा तो काळ केव्हाच मागे पडला होता आणि मी मात्र अजून पहिल्या आठवड्याच्याच भीतीत जगत होते.

ही भीती नुसत्या धीराने जात नाही. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. आमच्यासारख्यांत चिंता आणि आघातानंतरचा ताण हेही दिसतात. शरीर बेसावध क्षणी दगा देतं, हे तरुणपणीच कळलेलं असतं. तपासणीला आल्यावर ‘झोप कशी आहे, भीती वाटते का, रडू येतं का’ हे तुम्ही स्वतःहून विचारा. आम्ही आपणहून सांगत नाही. तुमच्यासमोर बसलेल्या, बोलता-चालता न येणाऱ्या पेशंटांकडे बघून आपलं दुखणं सांगायची लाज वाटते.

आता औषधांविषयी. मला रक्त पातळ करणारी कोणती गोळी दिली आणि तीच का, हे मी दोन डॉक्टरांना विचारलं, दोन वेगळी उत्तरं मिळाली. नंतर वाचताना कळलं की तुमच्यातही यावर पूर्ण एकमत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कॅडिस चाचणीत २५० पेशंट होते. तीन महिन्यांत अँटीप्लेटलेट गोळ्या (अॅस्पिरिनसारख्या) घेणाऱ्यांपैकी तिघांना आणि अँटीकोअॅग्युलंट (वॉरफरिनसारख्या गोळ्या) घेणाऱ्यांपैकी एकाला पुन्हा स्ट्रोक आला. एवढ्या थोड्या संख्येवरून कोणती गोळी सरस, हे ठरवता येत नाही. २०२१ च्या ट्रीट-कॅड चाचणीत अॅस्पिरिन दुसऱ्या गटातल्या औषधाहून कमी पडत नाही, हे सिद्ध होऊ शकलं नाही. मग निर्णय पेशंटगणिक होतो: गुठळी दिसते का, वाहिनी किती अरुंद झाली आहे, रक्तस्रावाचा धोका किती आहे. हे असंच सांगा. ‘दोन्ही पर्याय चालतात, तुमच्या बाबतीत हा का निवडला ते असं’ हे ऐकायला तरुण पेशंट पुरेसा समंजस असतो. एकाने ‘ही गोळी चुकीची आहे’ म्हणावं आणि दुसऱ्याने ‘तीच बरोबर’ म्हणावं, यात पेशंटचा गोळीवरचाच विश्वास उडतो आणि मग गोळ्या चुकायला लागतात. ते फार महागात पडू शकतं.

गोळ्यांच्या यादीशेजारी काय घेऊ नये याचीही यादी हवी. डोकं ठणकलं की घरातली कुठलीही वेदनाशामक गोळी घेण्याची सवय सगळ्यांनाच असते. अॅस्पिरिन चालू असताना आयब्युप्रोफेन घेतलं तर अॅस्पिरिनचा गुण कमी होऊ शकतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. मायग्रेन असणाऱ्यांना डिसेक्शनचा धोका इतरांहून जास्त असतो, म्हणजे आमच्यातल्या बऱ्याच जणांकडे ट्रिप्टान गटातल्या गोळ्या आधीपासून असतात. स्ट्रोकनंतर त्या चालत नाहीत. वॉरफरिन असेल तर पालेभाज्या बंद करायच्या नसतात, त्यांचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं असतं.

आणि गर्भनिरोधक गोळ्या. माझ्या आख्ख्या मुक्कामात हा विषय एकदाही निघाला नाही. स्ट्रोक होऊन गेलेल्या स्त्रीने इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेऊ नयेत, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांतच स्पष्ट आहे. ते सांगायला संकोच कशाचा? मूल होऊ द्यायचं का, कधी, बाळंतपणात मानेवर ताण आला तर काय, रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना गर्भ राहिला तर काय, हे प्रश्न तिशीतल्या बाईच्या मनात पहिल्या दिवसापासून असतात. शरीरसंबंध कधीपासून ठेवता येतात, हा प्रश्न पुरुषांनाही पडतो आणि तो नातेवाइकांसमोर विचारता येत नाही. एकदा पेशंटला एकटं बसवून, दार लोटून घेऊन बोला.

‘मानेला जपा’ असा सल्ला मला मिळाला. जपायचं म्हणजे काय? त्या दोन शब्दांपायी मी मान ताठ धरून बसू लागले. बाजूला बघायचं तर आख्खं अंग वळवायचे. त्याने खांदे आखडले, मान आणखी दुखली आणि भीती दुप्पट झाली. पुढे फिजिओथेरपिस्टने हात धरून सांगितलं की रोजच्या हालचालींना रोहिणी सहसा दगा देत नाही. हळूहळू मान वळवायला लावली, आधी पडून, मग बसून, मग चालताना. चक्कर कमी होण्यासाठी नजर एका ठिपक्यावर स्थिर ठेवून डोकं हलवायचे व्यायाम दिले. आधी पाच सेकंदांत मळमळायचं, पण मेंदू जुळवून घेतो. तेव्हा नेमकं सांगा. चालणं लवकर सुरू करा. मान कडाकडा मोडून घेणं किंवा कुणाकडून झटका देऊन ‘बसवून’ घेणं कायमचं बंद. पहिले काही महिने जड वजन उचलणं, धक्काबुक्कीचे खेळ, डोकं खूप मागे टाकून राहणं टाळा. त्यानंतर काय आणि किती, ते स्कॅन बघून ठरवू.

स्कॅनवरूनही एक सांगायचं आहे. बहुतेकांच्या वाहिन्या पहिल्या तीन ते सहा महिन्यांत बऱ्याच सुधारतात, पण काहींच्या बंदच राहतात. ‘उजवी व्हर्टिब्रल पूर्ण बंद’ हे वाक्य पेशंट मोबाइलवर एकटा वाचतो तेव्हा त्याला वाटतं, आपला मेंदू आता एका धाग्यावर लटकतोय. दोन व्हर्टिब्रल वर एकत्र येतात आणि एक बंद असली तरी दुसरी पुष्कळदा सगळा भार पेलते, हे त्याला त्याच क्षणी कळायला हवं. रिपोर्ट आमच्या हाती पडण्याआधी किंवा निदान त्याच दिवशी कुणीतरी फोनवर बोलावं.

कामावर परत जाणाऱ्यांसाठी दोन ओळींचं पत्र तुमच्या लेटरहेडवर मिळालं तर फार मोलाचं ठरतं. आम्ही दिसतो ठणठणीत. काठी नाही, वाकडा चेहरा नाही. कामाचे तास हळूहळू वाढवावे लागतील, मधे विश्रांती लागेल, हे आम्ही सांगितलं तर ती सबब वाटते. तेच तुम्ही लिहिलं तर ऐकून घेतात.

शेवटी तुमच्यातल्या इमर्जन्सीत बसणाऱ्यांना. तरुण माणूस नवीन मानदुखी किंवा डोक्याच्या मागची वेदना आणि त्यासोबत गरगरणं, उलट्या, चालताना झोक जाणं घेऊन आला, तर वय बघून निर्धास्त होऊ नका. साध्या सीटीत ब्रेनस्टेमचा ताजा स्ट्रोक बहुधा दिसत नाही. पहिल्या दिवशीचा एमआरआयही कधीकधी चुकवतो. त्याला उभं करा, चार पावलं चालवा, डोळ्यांच्या हालचाली बघा, मानेच्या वाहिन्या तपासा.

मी वर जे जे मागितलं, ते दोन पानांत बसतं. अशी दोन पानं तुमच्या युनिटमध्ये तयार करायची असतील तर मी आणि माझ्यासारखे काही पेशंट सोबत बसायला तयार आहोत. मजकूर तुम्ही तपासा, भाषा आम्ही सोपी करू. घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात परिचारिकेचा एक फोन आणि तीन महिन्यांच्या तपासणीत थकवा, गिळणं, झोप, भीती यांच्यासाठी राखून ठेवलेली दहा मिनिटं, एवढं त्याला जोडून द्या. सुरुवात कधी करता ते कळवा.

कळावे,
आपली एक पेशंट